मायनस शून्याचा चष्मा

तिला वाटलं होतं, कारखान्याच्या दारात वडील उभे असतील आणि म्हणतील, "आलीस? घे बाई, सांभाळ आता." परदेशात शिकत होती तितकी वर्षं हे वाक्य तिनं मनातल्या मनात इतक्यांदा ऐकलं होतं, की वडिलांचा आवाजसुद्धा त्याला जसाच्या तसा चिकटला होता. प्रत्यक्षात दारात कुणीच नव्हतं. आत चाकांची घरघर चालू होती, ओल्या काचेच्या भुकटीचा वास येत होता, आणि वडील पाठमोरे उभे राहून कुणाला तरी झापत होते, "थोरली असती ना, तर ही चूक झालीच नसती."

"घरी आल्यावर कानावर पडलेलं पहिलं वाक्य हे," फ्रेमवाले काका म्हणाले. "आता बोला."

वीज गेली होती म्हणून सगळी गच्चीवर येऊन बसली होती. काकांची पुतणी, दोन भाचे, शेजारची कॉलेजातली मुलगी. काकांनी आयुष्यभर चष्म्याच्या फ्रेमा विकल्या, म्हणून घरादाराचे ते फ्रेमवाले काका. गोष्ट सांगायची म्हटली की ते आधी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवत. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

"काका, भुताचीच आहे ना?" एका भाच्यानं विचारलं.

"खरी आहे. भुताची आहे का, ते तू ठरव. माझ्या चांगल्या ओळखीची मुलगी. तिचे वडील माझं जुनं गिऱ्हाईक. आणि मध्येमध्ये बोलायचं नाही."

तर, त्या कारखान्यात चष्म्याच्या काचा बनत. दुकानदार नंबर कळवायचे, इथे चाकांवर काच घासून, फ्रेमच्या मापाला कापून तयार व्हायची. वडिलांना दोन मुली. थोरली आणि धाकटी. आई लवकर गेली. धाकटी अभ्यासात हुशार, म्हणून तिला दूर शिकायला पाठवली. थोरली मागे राहिली. कारखान्याचा सगळा हिशेब-कारभार ज्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा, तो तिनं कॉलेज सुटल्या सुटल्या हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. शेवटपर्यंत म्हणजे खरोखरच शेवटपर्यंत. दीड वर्षापूर्वी आठवडाभराच्या तापानं गेली. धाकटी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता धाकटी कायमची परत आली होती, आणि मोठी स्वप्नं घेऊन आली होती. आसपासच्या शाळांतल्या एकेका पोराचे डोळे तपासायचे आणि ज्याला लागेल त्याच्या नाकावर चष्मा बसवायचा. फळा दिसत नाही म्हणून एकही मूल ढ ठरता कामा नये. हे बोलताना तिचे डोळे असे चमकायचे, की समोरच्या माणसाला शाळा सोडून तीस वर्षं झालेली असली तरी त्याला वाटायचं, आपणही तपासून घ्यावेत. या कामासाठी तिनं कॉम्प्युटरवर नवी प्रणाली तयार केली होती. सोमवारी पहिल्या शाळेत तपासणी सुरू व्हायची होती. तोवर जुन्या कॉम्प्युटरमधले सगळे नंबर नव्यात आणायचे होते.

वडील म्हणाले होते, "एकाही माणसाचा नंबर इकडचा तिकडे झाला नाही, तर सोमवारपासून कारखाना तुझ्या पद्धतीनं. झाला, तर थोरलीचं आहे तेच चालू राहील."

थोरलीचं! या घरात सगळंच थोरलीचं होतं.

थोरलीची खुर्ची जुन्या कॉम्प्युटरसमोर तशीच होती. पाठीवर तिचा राखाडी स्वेटर. कामगार जाता-येता त्या खुर्चीला वळसा घालायचे, जसं कुणी बसलेलंच आहे. पहिल्याच दिवशी धाकटी मुद्दाम त्या खुर्चीत बसली. काचा घासणाऱ्या मिस्त्रींचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. मग ते म्हणाले, "बस की. तुझीच बहीण."

ते "तुझीच बहीण" तिला फार झोंबलं. बहीण माझी, आणि परवानगी तुम्ही देणार?

"ताईनं ही बदलाबदल स्वतःच सुरू केली होती बरं का," एकदा वडील म्हणाले. "तिचा प्रोग्रॅम असेल बघ तिथेच कुठेतरी. अर्धा झालाय."

"मला गरज नाही, बाबा."

"गरज नसेल गं. बघायला काय जातंय?"

तिनं पाहिला नाही. फाइल समोर दिसत होती, पण तिनं ती उघडलीसुद्धा नाही. उघडली असती, तर सोमवारी लोक म्हणाले असते, पाया थोरलीनं घातला, हिनं नुसता कळस चढवला. जिवंत माणसाशी निदान भांडता येतं, बाजी मारता येते. मेलेलं माणूस चुकतच नाही. त्याच्यापुढे तुम्ही काय करणार?

आता थोडं त्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथले प्रोग्रॅम लिहायची भाषा होती कोबॉल. आपल्या आजोबांच्या काळातली, पण अजून जगभर खपत असलेली. तुम्हाला माहीत आहे, चष्म्याचा नंबर मायनस असतो किंवा प्लस. दूरचं दिसत नसेल तर मायनस, जवळचं दिसत नसेल तर प्लस. म्हणजे आकड्याइतकंच त्याच्या आधीचं चिन्ह महत्त्वाचं. ते चुकलं, तर आधीच कमी दिसणाऱ्या पोराला चष्मा लावून आणखी कमी दिसेल. पण जुन्या कॉम्प्युटरांत जागेची चणचण. म्हणून कोबॉलमध्ये चिन्हाला वेगळी जागा द्यायची नाही, ते शेवटच्या आकड्याच्याच मानगुटीवर बसवायचं, अशी पद्धत होती. आकडा आणि चिन्ह मिळून एकच अक्षर व्हायचं. मायनस पावणेतीन फाइलीत दिसायचा तो शून्य, दोन, सात आणि पुढे 'एन', म्हणजे मायनस जोडलेला पाच. प्लस असेल तर शेवटी 'ई'. न जाणणाऱ्याला वाटावं, उंदरानं आकडे कुरतडलेत. धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. तिनं शेवटचं अक्षर सोडवून आकडा आणि चिन्ह वेगळं काढणारा आणि नव्या पद्धतीनं साठवणारा प्रोग्रॅम लिहिला. चांगला लिहिला. मुलगी हुशारच होती.

ती रात्र फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारची. दिवसा, अगदी रविवारीसुद्धा, कारखाना चालू, म्हणून काम रात्रीच करावं लागणार होतं. संध्याकाळी सगळे घरी गेले, मिस्त्री मात्र हात पुसत रेंगाळले.

"एकटी बसणार?"

"कॉम्प्युटर आहे की सोबतीला."

"चाकाचा फ्यूज काढून नेतो मी. रात्री कुणी नसताना वीज नको त्याच्यात. थोरलीनं लावलेली शिस्त."

"अर्थातच," धाकटी म्हणाली. "श्वास कसा घ्यायचा याचीही शिस्त लावून गेली असेल ती."

मिस्त्री हसले. मग खांबाला टेकून म्हणाले, "तुला वाटतं, तीच सगळ्यांची लाडकी होती. एक गंमत सांगू? तू सात वर्षांची असताना तुला चष्मा लागला. आठवतंय? गोल लहान फ्रेम. घरभर तुझंच कौतुक. वडील स्वतः तुझ्या काचा पुसून द्यायचे. तर थोरली नऊ वर्षांची घोडी इथे फतकल मारून रडत बसली. म्हणे मलाही चष्मा. वडील म्हणाले, बाळा, तुझे डोळे ठणठणीत, तुझा नंबर शून्य. तर म्हणते कशी, 'मग मला मायनस शून्य द्या. तिचा मायनस आहे ना!'" मिस्त्रींना हसू आवरेना. "शेवटी साध्या काचेच्या दोन गोल चकत्या कापल्या मी, आणि तसल्याच फ्रेममध्ये बसवल्या. काय मिरवली होती पोर! दोन दिवस. मग कशा कोण जाणे, फुटल्या काचा. पुन्हा कर म्हणून माझ्यामागे लागली, पण तेवढ्यात तो फर्मा मोडला, ज्यावरून लहान गोल काच कापायची तो. आणि मग... राहूनच गेलं."

"मला नाही आठवत," धाकटी म्हणाली.

तिला लख्ख आठवत होतं. काचा आपोआप फुटल्या नव्हत्या. न्हाणीघरामागे तिनं त्या दगडानं फोडल्या होत्या. चष्मा माझा आहे. तिला कशाला हवा?

मिस्त्रींनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि गेले.

साडेदहाला तिनं काम सुरू केलं. पलीकडच्या खोलीत चाकं अंधारात उभी. इकडे एक दिवा, जुना कॉम्प्युटर, तिचा लॅपटॉप आणि ती खुर्ची. स्वेटर तिनं आधीच उचलून कपाटावर फेकला होता.

नंबर भराभर इकडून तिकडे जाऊ लागले. एका माणसाचा उजवा डोळा, डावा डोळा. मायनस, मायनस, प्लस. सगळे येऊन पोचले. मग तिनं उलटी तपासणी लावली. नव्यातला प्रत्येक नंबर पुन्हा कोबॉलच्या जुन्या रूपात करायचा आणि मूळ फाइलीशी अक्षराला अक्षर ताडून बघायचा. ही तपासणी तिची स्वतःची कल्पना. थोरलीला सुचली नसती, असं तिला मनापासून वाटत होतं.

पडद्यावर उत्तर आलं. सगळं जुळलं. एक सोडून.

ती पुढे वाकली. एकच नोंद. दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्य. फ्रेम लहान, गोल. काम: बाकी. नावाच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं: ताई.

शून्य न जुळायला काय झालं? तिनं मूळ अक्षरं उघडून पाहिली. साधं शून्य असतं, तर शेवटी उघडता महिरपी कंस असायला हवा. इथे बंद होणारा कंस होता. म्हणजे शून्य, पण मायनस. जुन्या फाइलीत असं बसू शकतं, कारण तिथे चिन्ह शेवटच्या आकड्यावर स्वार असतं, मग तो आकडा शून्य का असेना. पण नव्या प्रणालीत शून्य म्हणजे शून्य. त्याला ना मागे ना पुढे. तिकडे गेल्यावर त्याचं चिन्ह गळून पडत होतं आणि परत येताना ते साधं शून्य होऊन येत होतं.

हे असं चुकून सहसा होत नाही. कुणीतरी हातानं लिहावं लागतं.

कुणी लिहिलं असेल, हे कळायला तिला वेळ लागला नाही. मोठी झाल्यावर, कारखान्याचा कॉम्प्युटर हातात आल्यावर, थोरलीनं आपला राहिलेला चष्मा मागणीत टाकून ठेवला होता. गंमत म्हणून असेल. आणि मग इतकी वर्षं तो तसाच 'बाकी' ठेवला होता. रोज ती फाइल उघडायची, रोज तिला ते दिसत असणार. तिनं कधी ते पुसलं नाही. पूर्णही केलं नाही.

दुसरी कुणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. धाकटीचं डोकं फिरलं. माझं सगळं बिनचूक होतं. सगळं! आणि त्यात एक खोट, तीही हिची. सोमवारी बाबा विचारणार, एकाही माणसाचा नंबर बदलला का? आणि मी सांगायचं, हो, एकीचा. नेमका तिचा.

"मेलीस तरी मध्ये येतेस," ती मोठ्यानं म्हणाली.

आणि तिनं ती नोंद पुसली. मूळ फाइलीतूनच.

पुन्हा तपासणी लावली. चहा ओतून घेतला. कप संपायच्या आत उत्तर आलं.

सगळं जुळलं. एक सोडून.

तिनं उघडून पाहिलं. ताई. काम: बाकी. बंद होणारा कंस.

तिला वाटलं, साठवायचं राहिलं असेल. पुन्हा पुसली. या वेळी साठवली, बंद केली, उघडली, नोंद नाही याची खात्री केली. मग तपासणी लावली आणि पडद्यावरून नजर हलवली नाही.

एक सोडून.

खुर्ची जराशी मागे सरकली. तिच्याच हालचालीनं सरकली असेल. बसल्या बसल्या आपण हलतोच की.

"काका..." पुतणी म्हणाली.

"हूं."

"काही नाही. सांगा."

तिसऱ्यांदा पुसायला तिनं बोट उचललं, आणि पलीकडच्या खोलीत चाक सुरू झालं.

आधी पाण्याचा थेंब. मग दुसरा. काच घासताना चाकावर पाणी सोडावं लागतं, तो आवाज. मग ती घरघर. सावकाश वाढणारी. तिच्या लहानपणापासून ओळखीची.

फ्यूज मिस्त्रींच्या खिशात होता.

ती उठली नाही. डोळ्यांत घाम गेला होता म्हणून तिनं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, ओढणीनं डोळे पुसले. चष्मा पुन्हा घातला.

काहीच दिसेना.

म्हणजे दिसत होतं, पण जसं चष्म्याशिवाय दिसायचं तसं. तिचा नंबर मायनस सहा. चष्मा नसला की वितीच्या आत असेल तेवढंच तिला स्वच्छ दिसायचं. त्यापलीकडे सगळं धुकं. तिला वाटलं, काच धुरकटली. काढून पुसला, घातला. धुकंच. मग चाचपून पाहिलं. फ्रेम तिचीच होती. उजवी काडी जरा वाकडी, तीच. पण तिच्या काचा कडेला जाड होत्या. या पातळ होत्या. सगळीकडून सारख्या. साध्या काचेसारख्या.

शून्य नंबरच्या.

ती चष्मा कधी कुणाला देत नसे. झोपतानाच काढायची. आत्ता फक्त... फक्त डोळे पुसायला. तेवढ्या वेळात?

चाक थांबलं.

थेंब. थेंब. मग तेही नाही.

दाराच्या चौकटीत काहीतरी होतं. राखाडी. लांबट. हलत होतं की दिवा हलत होता, ते सांगता येईना. धुक्याला कडा नसतात.

"मिस्त्रीकाका?"

...

"बाबा?"

...

ते राखाडी थोडं मोठं झालं. मोठं झालं म्हणजे जवळ आलं. पावलं वाजली नाहीत. ओल्या भुकटीचा वास आला फक्त.

ती खुर्चीत मागे रेलली. खुर्ची मागे गेली नाही. मागे कुणीतरी धरून ठेवावी तशी.

आणखी मोठं झालं. आता अर्धी खोली राखाडी. तो स्वेटरचा रंग होता. कपाटावर फेकलेल्या स्वेटरचा. वर एक फिकट गोल. चेहऱ्याच्या जागी.

त्या क्षणी तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल? सांगू? त्या आकाराची नाही. ती वीत. ते जोवर वितीपलीकडे आहे, तोवर ते दिसणार नाही. काहीही असू शकतं. कोट, सावली, भास. वितीच्या आत आलं, की ते जे आहे ते दिसणार.

आणि ते येत होतं.

हातभर.

मग कमी.

तिनं डोळे मिटले नाहीत. का, ते तिलाही कधी सांगता आलं नाही.

मग ते वितीच्या आत आलं.

चष्मा होता. तिचाच. जाड काचांचा. दिव्याची तिरीप काचेच्या कडेवर फिरली. जाड मायनस काचेमागचे डोळे लहान दिसतात, तुम्ही पाहिलंच असेल. हे डोळे फारच लहान होते. मोठ्या बाईचे नव्हते ते. नऊ वर्षांच्या पोरीचे डोळे. रडून लाल झालेले. एकटक बघत होते... रागानं नाही. हपापून. कुणी दुसऱ्याच्या हातातल्या खेळण्याकडे बघतं ना, तसे.

"ताई..."

...

"ताई, मीच फोडला होता."

...

पापण्या एकदा मिटल्या. उघडल्या.

"मला तो तुझ्या नाकावर बघवत नव्हता, ताई. मला... तुझं काहीच बघवत नव्हतं. अजून नाही बघवत."

...

दिवा गेला.

गच्चीवर कुणीच हललं नाही. खाली कुठेतरी कुणाचं तरी दार वाजलं. शेजारच्या मुलीनं काकांच्या पुतणीचा हात धरला होता.

"मग?"

"मग काय. सकाळ झाली."

सकाळी मिस्त्रींनी दार उघडलं, तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती. अंगावर राखाडी स्वेटर होता. नाकावर तिचा स्वतःचा चष्मा, जाड काचांचा, आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. ती म्हणाली, "थंडी वाजली म्हणून घेतला असेल." पण कपाट तिच्या उंचीपेक्षा वर होतं, आणि कोपऱ्यातलं स्टूल जागचं हललं नव्हतं.

मिस्त्री आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, "कोणी चालवलं हे?"

चाकाखालची भुकटी ओली होती. फ्यूज त्यांच्या खिशातच होता. त्यांनी तो काढून दोनदा पाहिला, मग खिशात नीट ठेवला, जणू तो पळून जाईल. ट्रेमध्ये दोन काचा होत्या. लहान, गोल. कडा इतक्या सफाईनं कापलेल्या, की मिस्त्रींनी त्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवलं.

"मी तिथेच होतो," फ्रेमवाले काका म्हणाले. "नव्या फ्रेमा द्यायला गेलो होतो. मी हातात घेऊन बघितल्या. चाळीस वर्षं फ्रेमा विकल्या मी, मुलांनो. त्या मापाची फ्रेम आता बनतच नाही. आणि फर्म्याशिवाय तसा गोल कापणं कुणाच्या बापाला जमायचं नाही."

तेवढ्यात वडील आले. त्यांनी ट्रेमधल्या काचा पाहिल्या, धाकटीच्या अंगावरचा स्वेटर पाहिला. काही न विचारता आपल्या टेबलाचा खण उघडला, अगदी मागे हात घातला आणि एक लहान गोल फ्रेम काढली. रिकामी. इतकी वर्षं ती तिथे होती हे कुणालाच माहीत नव्हतं. मिस्त्रींनी एक काच बसवली. टक्. दुसरी बसवली. टक्. घासावं लागलं नाही, दाबावं लागलं नाही.

"झालं का तुझं काम?" वडिलांनी विचारलं. "सगळे नंबर जुळले?"

"हो" म्हणणं फार सोपं होतं, तुम्ही बघा. एक नोंद, तीही शून्याची. नसल्यात जमा. कुणाला कळणार होतं? सोमवार तिचा झाला असता, कारखाना तिचा झाला असता. एवढ्यासाठी तर ती आली होती.

ती काही बोलायच्या आत मिस्त्रींनी सवयीनं तो छोटा चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली ठेवला होता. नवीन यंत्र, आकडे पडद्यावर दाखवणारं. तयार काच तपासल्याशिवाय टेबलावरून हलवायची नाही, ही त्यांची जुनी खोड. ते बघतच राहिले.

"अहो, इकडे या जरा."

पडद्यावर शून्य होतं. आणि शून्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ.

मिस्त्रींनी यंत्र बंद केलं, चालू केलं. साध्या काचेचा दुसरा तुकडा ठेवून पाहिला. नुसतं शून्य. मी माझ्या नमुन्याच्या फ्रेममधली साधी काच दिली. नुसतं शून्य. पुन्हा तो छोटा चष्मा ठेवला.

आडवी रेघ. शून्य.

धाकटीनं अंगावरचा स्वेटर काढला, झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवला. मग शेजारून एक स्टूल ओढून त्यावर बसली. जुन्या कॉम्प्युटरवर थोरलीची ती अर्धी राहिलेली फाइल तिनं पहिल्यांदा उघडली. वरच्याच ओळींत दिसलं. थोरलीनं नव्या रचनेत चिन्हाला आकड्यापासून वेगळी, स्वतःची जागा दिली होती. एका अक्षराची. तिथे शून्यसुद्धा आपलं चिन्ह धरून राहू शकलं असतं.

"नाही जुळले, बाबा," ती म्हणाली. "एकीचा राहिला. सोमवार चुकेल. शाळेला मी स्वतः जाऊन सांगते."

"मग? जुनंच चालू ठेवायचं?"

"नाही. ताईनं जिथे सोडलंय, तिथून पुढे करायचं. सगळ्यांची चिन्हं वेगळ्या जागेत ठेवायची, सगळं पहिल्यापासून." तिनं आपला प्रोग्रॅम पुसून टाकला. मग छोटा चष्मा उचलला, ओढणीच्या टोकानं त्याच्या काचा पुसल्या आणि तो राखाडी स्वेटरवर, गळ्यापाशी अडकवला. "आणि पहिली नोंद हिची राहील. दुसरी माझी."